एकाच दिवशी सीआरपी ९६ आणि ९.६: बाबांचे रिपोर्ट वाचायचे कसे?

पत्र

माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. आम्ही ऐरोलीत राहतो. बाबांना सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा, जुना त्रास आहे. जुलैच्या पावसात ताप-खोकला झाला, चौथ्या दिवशी धाप लागली म्हणून ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूत दाखल केलं. घशाच्या स्वॅबमध्ये स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१ निघाला. दुसऱ्या दिवसापासून व्हेंटिलेटर, बीपी टिकवण्यासाठी नॉरअॅड्रिनलिन आणि स्टिरॉइड चालू आहे. फ्लूचं औषध ओसेल्टामिविर नळीतून देतात. पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिकही आहे.

रिपोर्ट असे आहेत (प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी या सूज-इन्फेक्शनसाठीच्या रक्ततपासण्या, क्रिएटिनिन किडनीची). पहिला दिवस: प्रोकॅल्सिटोनिन ०.१८, सीआरपी १४८, पांढऱ्या पेशी ५,२००, त्यात लिम्फोसाइट ९ टक्के, क्रिएटिनिन १.१. तिसरा दिवस: प्रोकॅल्सिटोनिन ०.४१, सीआरपी १६२. सहावा दिवस: प्रोकॅल्सिटोनिन १.९, सीआरपी ९६, पांढऱ्या पेशी १६,८००, क्रिएटिनिन २.९. डॉक्टर म्हणाले, 'वरून दुसरं इन्फेक्शन झालं असावं', आणि मेरोपेनेम हे जास्त जोरदार अँटिबायोटिक सुरू केलं. मामा म्हणतात, व्हायरल आहे तर अँटिबायोटिक कशाला? दादा म्हणतो, मेरोपेनेम पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. खात्री करावी म्हणून सहाव्या दिवशी मी रक्त बाहेरच्या लॅबला दिलं, तर तिथे सीआरपी ९.६ आला. कोण खोटं बोलतंय? आणि व्हायरस की बॅक्टेरिया हे ठाम सांगणारी एखादी रक्ताची तपासणी आहे का? आई मधुमेही आहे, पहिले चार दिवस तीच बाबांची काळजी घेत होती.

उत्तर

नमस्कार ताई,

खोटं कुणीच बोलत नाही. ९६ आणि ९.६ हा एकच आकडा आहे. हॉस्पिटलची लॅब सीआरपी एका लिटरमागे किती मिलिग्रॅम ते सांगते, बाहेरची लॅब एका डेसिलिटरमागे. लिटर म्हणजे दहा डेसिलिटर, म्हणून दहापटीचा फरक दिसतो. रिपोर्टच्या उजवीकडच्या रकान्यात एकक आणि नॉर्मल मर्यादा छापलेली असते. एकीकडे ५ किंवा १० पर्यंत नॉर्मल लिहिलं असेल, तर दुसरीकडे ०.५ किंवा १ पर्यंत. लॅक्टेटचंही (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं द्रव्य) असंच होतं: लिटरमागे २ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम. डी-डायमर ही गुठळीची तपासणी तर दोन वेगळ्या एककांत सांगतात आणि एकातला आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट येतो. तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकक सोडून नुसता आकडा टाकू नका. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

यापुढे बाहेरच्या लॅबला रक्त देऊ नका. प्रोकॅल्सिटोनिन मोजणारी यंत्रं एकसारखी नसतात, त्यामुळे एका यंत्रावरचा १.९ आणि दुसऱ्यावरचा १.५ यांची तुलना करून 'उतरलं' असं म्हणता येत नाही. चढ-उतार पाहायचा तर लॅब एकच हवी. शिवाय आयसीयूतल्या पेशंटचं रक्त रोज थोडंथोडं काढलं जातंच आणि त्यानेही हिमोग्लोबिन उतरतं. खात्रीसाठी जादाची बाटली हा त्यांच्यावरचा भारच आहे.

आता मुख्य प्रश्न. व्हायरस की बॅक्टेरिया हे एकटीने ठरवून देणारी रक्ताची तपासणी नाही. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेत आणि फुप्फुसात वाढतो, रक्तात तो सहसा सापडतच नाही. रक्तात आपण मोजतो ते शरीराने त्याला दिलेलं उत्तर. आणि तेच उत्तर शरीर जखमेला, ऑपरेशनला, कमी बीपीला, मलेरियालाही देतं. विषाणू ओळखायचा तर स्वॅब किंवा फुप्फुसातला स्राव लागतो. ते काम तुमच्या बाबांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी झालं आहे. एच१एन१ आहे, हा प्रश्न संपला. रक्ताकडून आता दुसरं काही समजून घ्यायचं आहे: फ्लूच्या जोडीला आणखी कुणी आलं का, आणि औषध लागू पडतंय का.

प्रोकॅल्सिटोनिनचं काम कसं चालतं ते समजलं की तुमचे तिन्ही आकडे वाचता येतील. निरोगी माणसात ते थायरॉइडमध्ये अगदी थोडं तयार होतं आणि रक्तात जवळपास नसतंच, ०.१ नॅनोग्रॅमच्या खाली. बॅक्टेरियाचं विष रक्तात आलं की यकृत, फुप्फुसं, चरबी अशा अनेक ठिकाणच्या पेशी ते बनवू लागतात. तीन-चार तासांत ते वाढू लागतं, दिवसाच्या आत शिखर गाठतं, आणि बॅक्टेरिया आटोक्यात आले तर साधारण दर २४ तासांनी निम्मं होतं. विषाणू आल्यावर शरीर इंटरफेरॉन नावाची बचावाची प्रथिनं सोडतं आणि त्यातला गॅमा प्रकार हेच उत्पादन दाबून धरतो. म्हणून निव्वळ विषाणूच्या न्यूमोनियात प्रोकॅल्सिटोनिन बहुधा ०.२५ च्या आत राहतं. बाबांचं पहिल्या दिवशीचं ०.१८ आणि तेव्हाच्या ५,२०० पांढऱ्या पेशी या फ्लूशी जुळतात. लिम्फोसाइट टक्क्यांत न पाहता संख्येत पाहा: ५,२०० चे ९ टक्के म्हणजे ४६८. मोठ्या माणसात १,००० च्या खाली कमीच, आणि जोरदार फ्लूत त्या अशा घसरतात.

मग तेव्हा अँटिबायोटिक कशाला, हा मामांचा प्रश्न. फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं आणि तिथे न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा बॅक्टेरिया सहज घर करतो. या दुसऱ्या न्यूमोनियात माणूस काही तासांत खालावू शकतो. पहिल्या दिवशीचं कमी प्रोकॅल्सिटोनिन ही शक्यता पुसून टाकत नाही. नमुना फार लवकर घेतला असेल, पू एका कप्प्यात कोंडला असेल किंवा मायकोप्लाझ्मासारखा जंतू असेल, तर ते कमीच येतं. म्हणून धाप लागून आयसीयूत आलेल्या पेशंटला या आकड्याच्या भरवशावर अँटिबायोटिक नाकारायचं नसतं. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितलं आहे: फ्लू निघाला तरी न्यूमोनिया असेल तर सुरुवातीला अँटिबायोटिक द्या, आणि ४८ ते ७२ तासांत बॅक्टेरियाचा पुरावा मिळाला नाही व पेशंट स्थिरावला तर थांबवण्याचा विचार करा. बाबा तेव्हा स्थिर नव्हते, व्हेंटिलेटरवर आणि नॉरअॅड्रिनलिनवर होते. औषध चालू ठेवणं योग्यच होतं.

दादाचंही बरोबर नाही. मेरोपेनेम हे राखीव ठेवण्यातलं औषध आहे. बाहेरून आजार घेऊन आलेल्या पेशंटला पहिल्या दिवशी ते दिलं तर नेहमीचे जंतू मरतात आणि आयसीयूतले चिवट क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर यांना मोकळं रान मिळतं. मग सहाव्या दिवशी द्यायला हातात फारसं उरत नाही.

सहाव्या दिवशीचं १.९ मात्र नीट पाहावं लागेल, कारण ते वाढण्याची एकाहून जास्त कारणं बाबांच्याच रिपोर्टमध्ये आहेत. पहिलं, व्हेंटिलेटरवर ४८ तास उलटून गेल्यावर झालेला नवा न्यूमोनिया. डॉक्टरांचा संशय हाच आहे आणि तो सर्वात आधी धरावा असाच आहे. दुसरं, किडनी. क्रिएटिनिन १.१ वरून २.९ वर गेलं आहे, आणि किडनी मंदावली की प्रोकॅल्सिटोनिन रक्तातून सावकाश निघतं, पायथ्याचा आकडाच वर सरकतो. अशा पेशंटमध्ये '०.५ च्या वर म्हणजे बॅक्टेरियाचा संशय' ही नेहमीची रेषा तितकी कामाची राहत नाही. तिसरं, शॉक. बीपी बराच वेळ कमी राहिलं की आतड्याचा अडसर ढिला पडतो, तिथले जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, आणि फुप्फुसात बॅक्टेरिया नसतानाही आकडा चढतो. गंभीर फ्लूत आणि कोविडमध्ये हे दिसलेलं आहे.

०.१८, ०.४१, १.९ ही दहापटीची चढण एकट्या किडनीच्या खात्यावर टाकता येणार नाही. म्हणून अँटिबायोटिक बदलण्याचा निर्णय आम्हाला पटतो. पण त्याच्या जोडीला दोन-तीन गोष्टी व्हायलाच हव्यात, आणि त्या झाल्या का हे तुम्ही आजच विचारा.

मेरोपेनेमचा पहिला डोस जाण्यापूर्वी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतलं का? ते दोन वेगळ्या जागांहून घ्यायचं असतं, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. एकच बाटली, तीही मानेच्या लाइनमधून (शिरेत घालून ठेवलेल्या नळीतून) घेतलेली असेल, तर कातडीवरचा निरुपद्रवी जंतू उगवतो आणि सगळेच गोंधळात पडतात. आणि बाटलीत दोन-तीन मिलीच रक्त भरलं तर खरा जंतू निसटतो. सोबत श्वासनलिकेतल्या नळीतून काढलेला स्राव कल्चरला गेला का? त्याचा ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेली पाहणी) काही तासांत कळतो, जंतूचं नाव आणि त्याला लागू पडणारी औषधं कळायला दोन-तीन दिवस लागतात. प्रोकॅल्सिटोनिन फक्त 'काहीतरी आहे' म्हणतं. मेरोपेनेम त्या जंतूवर चालतं की नाही हे कल्चरच सांगतं.

पुढचा प्रश्न बुरशीचा, आणि तो विचारायला अजिबात कचरू नका. गंभीर फ्लूनंतर फुप्फुसात अॅस्परजिलस नावाची बुरशी शिरण्याचा धोका असतो, बहुधा आयसीयूतल्या पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच. सीओपीडी आणि स्टिरॉइड दोन्ही तो वाढवतात आणि बाबांकडे दोन्ही आहेत. यात प्रोकॅल्सिटोनिन काहीच सांगत नाही. यासाठी गॅलॅक्टोमॅनन नावाची तपासणी करतात. रक्तात ०.५ किंवा अधिक आलं तर संशय पक्का होतो, पण पांढऱ्या पेशी चांगल्या संख्येत असलेल्या पेशंटमध्ये रक्ताची तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. म्हणून ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुऊन घेतलेल्या पाण्यात ती केलेली बरी, तिथे १ किंवा अधिक असेल तर महत्त्वाची. 'रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह, म्हणजे बुरशी नाही' एवढ्यावर समाधान मानू नका.

किडनीवरून आणखी एक. जोरदार फ्लूत कधीकधी स्नायू वितळतात आणि त्यातलं द्रव्य किडनीत अडकतं. सीपीके नावाच्या साध्या तपासणीत हे कळतं. क्रिएटिनिन अचानक वाढलं आहे तर ती झालेली असावी. आणि आपल्या भागात पावसाळ्यात ताप, किडनी आणि फुप्फुस एकत्र बिघडली की लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरिया डोक्यात ठेवावेच लागतात, फ्लू पॉझिटिव्ह असला तरी. दोन्हींत प्रोकॅल्सिटोनिन वाढतं. आजारी पडण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत बाबा तुंबलेल्या पाण्यातून चालले होते का, पायाला भेग किंवा जखम होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. प्लेटलेट आणि बिलिरुबिन कसे आहेत तेही विचारा. ओसेल्टामिविर आणि मेरोपेनेम दोन्हींचा डोस किडनीप्रमाणे बदलावा लागतो. ओसेल्टामिविरचे नेहमीचे ७५ मिलिग्रॅम दोनदा आता जास्त होऊ शकतात, तेव्हा 'डोस बदलला का' एवढं विचारलं तरी पुरे.

आता सीआरपीकडे. १६२ वरून ९६, आणि तुम्हाला त्यातून धीर आला असणार. पण हा उतार स्टिरॉइडने आणला असण्याची शक्यता मोठी आहे. सीआरपी यकृतात बनतं, त्याला आयएल-६ नावाचा संदेश लागतो, आणि स्टिरॉइड तो संदेशच मंदावतं. टोसिलिझुमॅबसारखं आयएल-६ अडवणारं इंजेक्शन दिलं तर सीआरपी जवळपास शून्यावर येतं, आत पू साचलेला असला तरी. प्रोकॅल्सिटोनिनवर स्टिरॉइडचा परिणाम बराच कमी. म्हणून स्टिरॉइडवरच्या पेशंटमध्ये सीआरपी खाली आणि प्रोकॅल्सिटोनिन वर, अशी जोडी दिसली तर दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवायचा. शिवाय पहिल्या दिवशीचं १४८ हेही बॅक्टेरियाचं लक्षण नव्हतं. व्हेंटिलेटरपर्यंत नेणाऱ्या फ्लूत सीआरपी शंभरच्या वर सहज जातं.

१६,८०० पांढऱ्या पेशींचंही तेच. स्टिरॉइड दिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि आकडा चढतो. लिम्फोसाइट याच औषधाने आणखी घटतात. त्यामुळे सहाव्या दिवशी न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं प्रमाण काढून काही ठरवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा रिपोर्टच्या तळाशी 'बँड फॉर्म', 'लेफ्ट शिफ्ट' किंवा 'टॉक्सिक ग्रॅन्युल्स' असं लिहिलंय का ते पाहा. कच्च्या पेशी घाईने बाहेर पडत असतील तर ते स्टिरॉइडपेक्षा इन्फेक्शनकडे बोट दाखवतं.

पुढच्या तीन-चार दिवसांत काय पाहायचं? प्रोकॅल्सिटोनिन रोज दोनदा करून काही हाती लागत नाही. २४ ते ४८ तासांनी एकदा पुरतं. १.९ हेच शिखर असेल आणि औषध लागू पडलं, तर किडनी ठीक असलेल्या माणसात ते दुसऱ्या दिवशी ०.९-१ च्या आसपास, तिसऱ्या दिवशी ०.५ च्या जवळ यावं. बाबांच्या किडनीमुळे एक-दोन दिवस जास्त धरा. डायलिसिस लागलं तर काही फिल्टरमधून प्रोकॅल्सिटोनिनही निघून जातं, तेव्हा डायलिसिसनंतरचा उतार थोडा राखूनच मोजायचा. शिखरापासून ८० टक्के खाली, म्हणजे बाबांच्या बाबतीत ०.३८ च्या आसपास किंवा सरळ ०.५ च्या आत, आणि पेशंटही सुधारतोय, अशा वेळी अँटिबायोटिक थांबवता येतं. हा नियम २०१६ साली नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून अधिक आयसीयू पेशंटवर तपासला गेला. औषधाचे दिवस कमी झाले आणि मृत्यू वाढले नाहीत. आमच्या मते प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग हाच आहे. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही यापेक्षा ते कधी थांबवायचं, हे ते जास्त चांगलं सांगतं.

४८ ते ७२ तासांत आकडा हललाच नाही किंवा वाढला, तर मेरोपेनेमवर आणखी एक औषध चढवण्याआधी जागा शोधायची असते. छातीत पाणी किंवा पू झालाय का (बेडजवळच सोनोग्राफीने दिसतं), मानेची लाइन किती दिवसांची आहे, लघवीची नळी, झोपून राहिल्याने झालेली जखम, पोट फुगलंय का. आणि कल्चरमध्ये मेरोपेनेमला न जुमानणारा जंतू निघालाय का.

विषाणूची खूण रक्तात दाखवणाऱ्या तपासण्या मुळीच नाहीत असं नाही. विषाणू आला की इंटरफेरॉनमुळे एमएक्सए नावाचं प्रथिन पेशींत वाढतं. ट्रेल आणि आयपी-१० हीही विषाणूत वाढतात, त्यातलं ट्रेल बॅक्टेरियात उलट घटतं. ही सीआरपीबरोबर जोडून केलेले किट परदेशात निघाले आहेत. आयएफआय२७ नावाच्या जनुकाची हालचाल मोजून फ्लू ओळखण्यावरही संशोधन झालं आहे. पण या किटची परीक्षा मुख्यतः नुकताच ताप घेऊन आलेल्या पेशंटवर झालेली आहे. सात दिवस आयसीयूत, स्टिरॉइडवर, दोन आजार एकात एक मिसळलेले, अशा माणसात त्यांचा निकाल धूसर होतो. आणि बाबांना विषाणू आहे हे तर माहीतच आहे. तेव्हा या तपासण्यांच्या शोधात ठाणे-मुंबई पालथी घालू नका.

फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर, आयएल-६ हा कोविडच्या काळातला संच अजूनही नातेवाईक मागतात. हे आकडे आजार किती जोरात आहे ते सांगतात, कशाचा आहे ते नाही. डॉक्टरांना रक्ताच्या गुठळीचा किंवा आणखी कशाचा ठोस संशय असेल तर ते आपणहून करतील.

दादाला एक काम द्या. एका वहीत रोज एकच ओळ लिहायची: रक्त काढल्याची वेळ (रिपोर्ट छापल्याची नव्हे, दोन्हींत सहा-आठ तासांचा फरक पडतो), प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, लॅक्टेट, लघवी किती झाली, व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के, नॉरअॅड्रिनलिन किती, आणि त्या दिवशी सुरू झालेलं किंवा थांबलेलं औषध. ऑक्सिजन ६० टक्क्यांवरून ४५ वर आला, नॉरअॅड्रिनलिन निम्मं झालं आणि लघवी वाढली, तर प्रोकॅल्सिटोनिन एखादा दिवस रेंगाळलं तरी बाबा बरे होत आहेत असं समजा. उलट आकडे छान आणि ऑक्सिजनची गरज वाढतेय, तर आकड्यांवर विसंबू नका. ही वही घेऊन संध्याकाळच्या भेटीत एकाच माणसाने बोलावं. चार नातेवाईकांनी चार वेळा विचारलं की डॉक्टरांकडून चार तुटक उत्तरं मिळतात. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत देणं बंधनकारक आहे.

आणि आई. मधुमेह आहे आणि चार दिवस बाबांच्या जवळ होत्या. त्यांना ताप, घसा किंवा अंगदुखी सुरू झाली तर प्रोकॅल्सिटोनिन नको, सीआरपी नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि फ्लूचा घरातला संपर्क झालाय हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यांच्यासारख्या जोखमीच्या माणसाला स्वॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करतात, कारण पहिल्या ४८ तासांत दिलेल्या गोळीचा फायदा सर्वात जास्त असतो. घरात ऑक्सिमीटर असेल तर सकाळ-संध्याकाळ बोट लावून पाहा. ९४ च्या खाली गेलं किंवा बोलताना दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. आईंना काही त्रास नसेल तर फ्लूची लस आता घेता येईल. तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर आयसीयूच्या भेटीला त्यांच्याऐवजी तुम्ही किंवा दादाने जावं.